नववीचा पट विचारा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी आठवीची वर्गशिक्षिका आहे आणि दर जूनमध्ये हा रकाना भरते. आमची शाळा आठवीपर्यंतच, त्यामुळे कारण ठरलेलं, ‘पुढील शिक्षणासाठी’. जनरल रजिस्टर समोर ठेवून मुलाचं नाव, आईचं नाव, अक्षरी जन्मतारीख, जात मी दोन-दोनदा तपासते. तिथं एक वेलांटी चुकली तर त्या लेकराला पुढं कित्येक वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. कारणाच्या रकान्याकडे मात्र मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलाचा दाखला माझ्या हातात पडला, तेव्हा पाहिलं.

आमच्याकडे पहिलीला कुणी शाळा निवडत नाही. गावात आहे तीच शाळा. निवडायची वेळ येते ती आठवीनंतर. १ मेला निकाल लागतो, जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आणि या दीड महिन्यात आईबापांना ठरवावं लागतं की लेकरू आता कुठं टाकायचं. हा टप्पा नाजूक असतो, कारण शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयाची, म्हणजे आठवीपर्यंतची आहे. शाळेतली खिचडी आठवीला थांबते. फुकटची पुस्तकं थांबतात, गणवेश थांबतो. नववीत पाऊल ठेवताना मुलाला गाव नवं, गुरुजी नवे, वर्गातली पोरं नवी आणि घराला खर्च नवा. यातलं एक जरी जड झालं तरी पोरगं घरी बसतं, आणि पोरगी असेल तर तिच्यासाठी स्थळं यायला लागतात.

आमच्या भागातल्या पालकांपुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, संस्थेची अनुदानित शाळा. तिथले पगार शासन देतं आणि फी नसल्यासारखीच असते. दुसरी, तालुक्याच्या गावची स्वयंअर्थसहाय्यित शाळा. २०१२ च्या कायद्यानंतर अशा शाळा झपाट्यानं वाढल्या. फी, बस, बूट, टाय सगळं पालकाच्या खिशातून. तिसरी, जिल्हा परिषदेची प्रशाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना ही तिसरी वाट फारशी ओळखीची नसेल. तिकडं खेड्यापाड्यात हायस्कूल नेलं ते रयतसारख्या संस्थांनी. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इथली जुनी हायस्कुलं बहुतेक सरकारी होती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा ती त्यांच्याकडे गेली. आजही गावागावांत प्रशालेच्या त्या जुन्या इमारती उभ्या आहेत. एकेकाळी त्या भागातले डॉक्टर, वकील, तहसीलदार सगळे तिथंच शिकलेले असत. आता लोक म्हणतात, ज्याला दुसरीकडं जमत नाही तो प्रशालेत जातो.

मीही तसंच मानत होते. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं, कारण मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. माझा मुलगा आठवीपर्यंत माझ्याच शाळेत शिकला. पुढं मात्र मी त्याला तालुक्याच्या शाळेत घातलं. कारण एकच होतं. त्या शाळेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘दहावीचा निकाल १०० टक्के, सलग’. मी ते पत्रक घरी आणलं, मिस्टरांना दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन फी भरली. शिक्षिका असूनही एकही प्रश्न विचारला नाही. शंभरच्या पुढं काय विचारायचं, असं वाटलं.

नववीची वार्षिक परीक्षा झाली आणि शाळेतून फोन आला. ऑफिसात गेले. समोरचे सर सभ्यपणे बोलत होते. म्हणाले, “मॅडम, तुमचा मुलगा गणितात आणि विज्ञानात फार मागं आहे. नववीत नापास होतोय. तुम्ही आमच्याच क्षेत्रातल्या, म्हणून सांगतो. आम्ही त्याला पास करून देतो, फक्त दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरून दहावी होऊन जाईल.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांना कामधंद्यामुळं शाळेत येता येत नाही, त्यांच्यासाठी मंडळानं केलेली ती चांगली सोय आहे. रोज सकाळी डबा घेऊन शाळेत जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरासाठी ती नाही. मी काही बोलायच्या आत क्लार्कनं दाखला पुढं सरकवला. तो आधीच लिहून तयार होता. सही, शिक्का, तारीख, सगळं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’.

मी कसलीही विनंती केली नव्हती.

तो दाखला घेऊन मी एसटीत बसले आणि घर येईपर्यंत तो रकाना पुन्हा पुन्हा वाचत राहिले. त्या वर्षी त्या वर्गातून माझा मुलगा एकटाच बाहेर पडला नव्हता, हे मला नंतर इतर पालकांशी बोलताना कळलं. नववीच्या दोन तुकड्या होत्या आणि दहावीची एकच. शंभर टक्के निकालाचं गणित दहावीच्या मार्चमध्ये नव्हे, नववीच्या एप्रिलमध्ये जुळवलं गेलं होतं.

जूनमध्ये मी मुलाला घेऊन शेजारच्या गावच्या प्रशालेत गेले. वऱ्हांड्याचे पत्रे एका बाजूला फुटलेले होते. इंग्रजीचं पद वर्षभरापासून रिक्त होतं, ते मुख्याध्यापकांनी स्वतःच सांगितलं. मीही काही लपवलं नाही. मुलगा कच्चा आहे, दहावीत नापास होऊ शकतो, असं सांगून टाकलं. ते म्हणाले, “आमचे दहावीला पन्नासेक असतात. एक नापास झाला तर निकाल दोन टक्क्यांनी उतरेल. उतरू द्या. पोरगं परीक्षेला तर बसेल.” मग मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, “कुठं अडतं रे तुझं?” वर्षभरात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी विचारायचे, किती मार्क पडले.

कुठं अडतं ते गणिताच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात शोधलं. त्यांनी मुलाला नववीची जुनी वही आणायला लावली. तीत एका पानावर त्यानं लिहिलं होतं, १/२ + १/३ = २/५. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. आधीच्या शाळेत त्यावर लाल फुली मारली होती आणि पान उलटलं होतं. सर त्या ओळीवर थांबले. म्हणाले, “अर्धी भाकरी खाल्लीस. वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. मग एकूण अर्ध्यापेक्षा कमी कशी खाल्लीस?” मुलगा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा कमी असतात, हे त्याच्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. बीजगणितातली त्याची सगळी पडझड तिथून सुरू झालेली होती. आणि ही चूक नववीतली नव्हती. ती पाचवी-सहावीतली होती, म्हणजे माझ्याच शाळेतली. आम्ही ती पुढं ढकलली, त्या शाळेनं ती बाहेर ढकलली. थांबून बघितलं ते प्रशालेतल्या सरांनी.

सर त्याला आणि आणखी सहा-सात मुलांना शाळा भरायच्या तासभर आधी बोलवायचे. दिवाळीपर्यंत सहावीचं पुस्तक चाललं. लसावि, मसावि, अपूर्णांक, दशांश. दहावीच्या मुलांना सहावीचं पुस्तक उघडायची लाज वाटू नये म्हणून सरांनी त्याला खाकी कव्हर घातलं होतं. मुलगा दहावी झाला. गणितात ५२ पडले. नंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला आणि आज वाळूजला नोकरीत आहे. ५२ हा पेपरात फोटो यायचा आकडा नाही. पण तो आकडा कुणी त्याला दिला नव्हता, त्यानं तो मिळवला होता. घरात पेढे वाटले तेव्हा सरांसाठी पहिला पुडा त्यानं स्वतः बाजूला काढला.

त्या वर्षापासून मी एक वही ठेवते. साधी दोनशे पानी. आठवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव, कुठल्या शाळेत गेला, आणि दोन वर्षांनी मार्च आला की दहावीला बसला की नाही. फोन करते, बाजारात भेटलेल्यांना विचारते, धाकट्या भावंडांना वर्गात विचारते. वही भरत गेली तसं एक कळत गेलं. माझी जी मुलं हरवली, त्यातली दहावीला नापास होऊन हरवलेली थोडी. बहुतेक जण दहावीपर्यंत पोचलेच नव्हते. कुणी नववीच्या दिवाळीत सुटलं, कुणी नववीच्या निकालाला. आणि जे वर्गातून सुटतं ते कुठल्याच निकालात दिसत नाही. टक्केवारी निघते ती परीक्षेला बसलेल्यांची.

म्हणून आता कुणी पत्रक घेऊन आलं की मी फळ्यावर दोन शाळा मांडते. मागच्या जूनमध्ये एक वडील आले होते. घामेजलेल्या हातात घडी घातलेलं पत्रक. म्हणाले, “मॅडम, शंभर टक्के निकाल हाय म्हणायलेत. फी जरा जड हाय, पण लेकराचं भलं होईल. टाकू का?” मी खडू घेतला. एका शाळेत नववीत ६० मुलं. दहावीला बसली ४१. सगळी पास, म्हणजे निकाल १००. दुसऱ्या शाळेत नववीत ३८. दहावीला बसली ३७, पास झाली ३०. निकाल ८१. आता मला सांगा, नववीत गेलेल्या लेकरांपैकी दहावी किती झाली? पहिल्या शाळेत साठात एक्केचाळीस, म्हणजे शंभरात अडुसष्ट. दुसऱ्या शाळेत अडतिसात तीस, म्हणजे शंभरात एकोणऐंशी. शिवाय दुसऱ्या शाळेतले जे सात नापास झाले, त्यांच्यासाठी पुरवणी परीक्षा आहे, शाळा आहे, ओळखीचे सर आहेत. पहिल्या शाळेतली एकोणीस मुलं कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही. त्या वडिलांनी फळ्याकडे बघितलं आणि पत्रकाची घडी पुन्हा घातली. एवढंच म्हणाले, “मग हे कुणी सांगंना कसं?”

दर वेळी फळा लागत नाही. माझ्यापेक्षा चांगला प्रश्न मला एका आजींनी शिकवला.

माझ्या वर्गातली एक मुलगी. आईबाप ऊसतोडीला. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेतलेली असते ती फेडायला सहा महिने कारखान्याच्या तळावर. मुलगी हुशार. आठवीत तिनं राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा दिली आणि पात्र ठरली. नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. वडिलांना आनंद झाला आणि आनंदाच्या भरात ते म्हणाले, “आता हिला चांगल्या, फीच्या शाळेत टाकू. शिष्यवृत्तीतून फी निघंल.” मी त्यांना थांबवलं. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत गेली तर पैसे बंद. हे कितीतरी पालकांना माहीत नसतं आणि पत्रक घेऊन फिरणारे ते सांगत नाहीत. उरल्या दोन शाळा. आईबाप तळावर असणार, म्हणजे मुलगी आजीजवळ राहणार. म्हणून मी म्हटलं, शाळा आजीलाच दाखवू.

एका सकाळी मी, ती आणि तिची आजी एसटीनं त्यातल्या एका शाळेकडे निघालो. मुलींना पासचे पैसे पडत नाहीत. पण पास फुकट असला तरी गाडी वेळेवर हवी. परतीची गाडी साडेपाचची, शाळा पाचला सुटते, मधला अर्धा तास मुली कुठं थांबतात ते आजींनी आधी बघून घेतलं. शाळेच्या आत, फाटकाजवळच्या लिंबाखाली, शिपाईमामांच्या नजरेसमोर. मग आम्ही ऑफिसात गेलो. मी नेहमीप्रमाणं विचारलं, गेल्या वर्षी नववीत किती होते, यंदा दहावीत किती? क्लार्क हजेरीपट काढायला उठले. तेवढ्यात आजींनी पदर सावरून विचारलं, “पोरी किती होत्या? औंदा किती हायत? आन् ज्या न्हाईत त्या कुठं गेल्या?”

मी इतकी वर्षं आकडा विचारत होते. आजींनी पोरी विचारल्या.

मुख्याध्यापकांनी हजेरीपट उघडलाच नाही. तोंडपाठ सांगितलं. एकोणीस होत्या, सतरा आहेत. एकीचे आईवडील पुण्याला कामाला गेले, तिचा दाखला तिथल्या शाळेनं मागवून घेतला. दुसरीचं लग्न ठरलं होतं. कळल्यावर ते स्वतः ग्रामसेवकाला घेऊन घरी गेले, कारण गावपातळीवर बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते. तेव्हा लग्न थांबलं. पण पुढं घरच्यांनी तिला मामाच्या गावी नेलं आणि तिथं काय झालं ते त्यांना थांबवता आलं नाही. हे सांगताना ते खाली बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “ती गेली हे माझ्या मनातून जात नाही.”

बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, “हितंच टाका.” मी विचारलं, का? म्हणाल्या, “गेलेल्या पोरीचं बी ह्येला म्हाईत हाय.”

शाळा कशी ओळखावी यावर मी प्रशिक्षणं केली आहेत, मूल्यांकनाचे तक्ते भरले आहेत. आजींच्या त्या वाक्याइतकं नेमकं मला कुठं सापडलं नाही. शिकवणं, इमारत, संगणक, सेमी इंग्रजी, हे सगळं महत्त्वाचं आहे. पण पंधरा वर्षांचं मूल कधीतरी घसरणारच. गणितात घसरेल, संगतीत घसरेल, घरच्या अडचणीत सापडेल. तेव्हा ते घसरलंय हे शाळेला कळतं का, आणि कळल्यावर शाळा त्याला धरते की सोडते, यावर त्याची दहावी ठरते.

प्रशालेत सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. पदं रिक्त राहतात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, पटावर ठरते, पट घटला की पद जातं, पद गेलं की आणखी मुलं जातात, आणि असं करत करत चांगली शाळा डोळ्यांदेखत रिकामी होते. म्हणून प्रशालेतही डोळे उघडे ठेवूनच जावं लागतं. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला आज, या वर्षी, शिक्षक आहेत का? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि आत पाणी आहे का? प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे की काचेची भांडी वापरून डागाळलेली आहेत? मला डागाळलेली भांडी आवडतात. जमलं तर दुपारी दीड-दोनला, न सांगता जा. त्या वेळेला शाळा खरी दिसते. हेच सगळं अनुदानित आणि फीच्या शाळेतही बघा. अशा शाळांतही जीव ओतून शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि माझ्या वहीत त्या शाळांतून दहावी झालेली नावंही आहेत.

पण वेळ कमी असेल आणि एकच प्रश्न विचारता येणार असेल, तर हा विचारा. गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती, त्यातली किती यंदा दहावीत आहेत, आणि जी नाहीत ती कुठं गेली? हा प्रश्न विचारायला शिकलेलं असावं लागत नाही. आकडा पडताळायचा असेल तर शाळेचा युडायस क्रमांक मागून घ्या. त्यावरून इयत्तावार पट कुणालाही बघता येतो. गावातला कुणीही शिकलेला मुलगा मोबाईलवर काढून देईल.

आणि तुमचं मूल आधीच नववीत असेल, आणि एप्रिलमध्ये कुणी तयार दाखला पुढं केला, तर घाईत सही करू नका. विनंती तुमची नसेल तर ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे शब्द चालवून घेऊ नका. नववीच्या उत्तरपत्रिका बघायला मागा, लेखी कारण मागा, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मी त्या दिवशी यातलं काहीच केलं नाही. गुपचूप दाखला पर्समध्ये घातला आणि निघून आले. माझ्या मुलाला पुढं चांगली शाळा मिळाली. त्याच्या वर्गातून त्या वर्षी बाहेर पडलेल्या बाकीच्या मुलांपैकी दोघांची नावं माझ्या वहीत आहेत. दोघंही दहावीला बसले नाहीत.

येत्या जूनमध्ये मी पुन्हा दाखले लिहीन. तुमच्याही घरात आठवी झालेलं लेकरू असेल, तर पत्रकावरचा निकाल बाजूला ठेवा आणि शाळेत जाऊन नववीचा पट विचारा. जी शाळा गेलेल्या मुलांबद्दलही सांगू शकते, तिथं तुमचं मूल ठेवा. जी सांगायला टाळाटाळ करते, तिचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.